ढगांचे छायाचित्रण : छंद आणि सावधगिरी

एप्रिल-मे महिन्यांत म्हैसूर परिसरात दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. चामुंडी टेकडीसारखी स्थिर खूण चौकटीत ठेवून ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतल्यास आणि वेळ व दिशा नोंदविल्यास ढगाची वाढ स्पष्ट दिसते. माथा ऐरणीसारखा पसरला की तो गडगडाटी वादळाचा क्युम्युलोनिम्बस; ऐरणीखाली लोंबणाऱ्या पिशव्यांना मॅमॅटस म्हणतात. पावसापुढे फळीसारखा आडवा ढग सरकू लागल्यास सोसाट्याचा वारा जवळ आला असे समजावे. हौशी निरीक्षकांच्या छायाचित्रांमुळे लक्षात आलेला, खवळलेल्या लाटांसारखा ॲस्पेरिटास २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात समाविष्ट झाला. मात्र गडगडाट ऐकू येताच छायाचित्रण थांबवावे, शेतातील मजुरांना सावध करावे आणि झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे.