बागेच्या कामाला एटीव्ही घेताय? आधी उतार मोजा, मग कागद बघा

पाऊस ओसरला की खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी या सगळ्या पट्ट्यात एकच घाई सुरू होते. काजूला मोहर यायच्या आत बेणणी उरकायची, कुंपण बघायचं, आडवी पडलेली झाडं काढायची, पाण्याची पाइप जोडायची. मजूर मिळत नाहीत. त्यात घर एका राज्यात आणि बाग दुसऱ्या राज्यात अशीही पुष्कळ मंडळी आपल्याकडे आहेत. ती शनिवारी येणार आणि रविवारी संध्याकाळपर्यंत आठवड्याचं काम उरकून परतणार. अशात मोबाइलवर एटीव्हीचा व्हिडिओ दिसतो. चार रुंद टायर, दगड-चिखलातून आरामात जाणारी गाडी. वाटतं, आपल्याला हीच पाहिजे.

काही बागांना ती खरंच उपयोगी पडते. बऱ्याच बागांना मात्र नाही, आणि चुकीच्या उतारावर ती जिवावर बेतते. म्हणून इंजिन किती सीसीचं हे विचारण्याआधी चार गोष्टी तपासा: काम काय आहे, उतार किती आहे, वजन किती न्यायचं आहे आणि वाटेत रस्ता लागतो का.

एटीव्ही वेगळी, यूटीव्ही वेगळी

एटीव्हीवर मोटरसायकलसारखं टांग टाकून बसायचं असतं. हँडल असतं, टायरमध्ये हवा कमी असते, पुढे-मागे सामानासाठी रॅक असतो. चालवणारा आपलं अंग इकडेतिकडे झुकवून तोल सांभाळतो. यूटीव्हीला स्टिअरिंग असतं, दोघं शेजारी बसतात, बेल्ट असतो, डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो आणि मागे छोटा हौदा असतो. गाडी उलटली तर यूटीव्हीत बेल्ट लावलेला माणूस पिंजऱ्याच्या आत राहतो. एटीव्ही उलटली तर तीनशे-साडेतीनशे किलोचा लोखंडी भार थेट माणसावर येतो.

हा धोका ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी पुरेपूर भोगला. तिथं शेतावर या गाड्या सर्रास वापरल्या जातात, आणि मरण पावणारे बरेचसे गाडीखाली दबूनच जात. शेवटी तिथल्या सरकारनं नियम केला. ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या प्रत्येक नव्या एटीव्हीला चालकाच्या पाठीमागे संरक्षक कमान असणं सक्तीचं झालं. आपल्याकडे अशी सक्ती नाही. त्यामुळे कमान बसवून मिळते का, हे आपणच विचारायचं.

काम कुठलं, ते कागदावर लिहा

वर्षभरात बागेत काय काय करायचं असतं, त्याची यादी करा. साधारण तीन प्रकारची कामं निघतात.

पहिलं, फिरणं. कुंपण बघणं, गवे येऊन गेले का ते पाहणं, मोटर सुरू-बंद करणं, हत्यारं आणि जेवणाचा डबा नेणं. हे एटीव्हीचं खरं काम. जागा मोठी, विखुरलेली आणि बऱ्यापैकी सपाट असेल तर ती वेळ वाचवते. पाच एकरांच्या आतल्या बागेत मात्र चालत फिरायला अर्धा तास पुरतो.

दुसरं, वाहतूक. खत, काजू बी, नारळ, सुपारी, चिरे.

तिसरं, यंत्र चालवणं. नांगरट, रोटाव्हेटर, खड्डे काढणं, पाण्याचा पंप, फवारणी. इथं एटीव्ही कमी पडते. ट्रॅक्टरला मागे पीटीओ असतो, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, आणि अवजार उचलणारी हायड्रॉलिक असते. साध्या एटीव्हीला या दोन्ही गोष्टी नसतात. यादीत तिसऱ्या प्रकारची कामं जास्त निघाली, तर एटीव्हीचा विषय तिथंच थांबवा आणि मिनी ट्रॅक्टर बघा.

उतार घरच्या घरी मोजता येतो

बऱ्याच एटीव्हींच्या माहितीपुस्तकात १५ किंवा २५ अंशांपेक्षा जास्त उतारावर गाडी नेऊ नका असं लिहिलेलं असतं. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात बघायचा. पण १५ अंश म्हणजे प्रत्यक्षात किती?

दहा फुटी सरळ पाइप किंवा बांबू घ्या. एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा. दुसरं टोक उचलून पाइप आडवा सपाट धरा, गवंड्याची लेव्हल वर ठेवून बघा. आता उचललेल्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते २ फूट ८ इंच आलं तर उतार १५ अंश. ४ फूट ८ इंच आलं तर २५ अंश. जिथून गाडी न्यायची त्या वाटेवर चार-पाच ठिकाणी हे करा, म्हणजे कळेल. कणकुंबी, तिलारी, चोर्ला या बाजूच्या कितीतरी बागा या मापात नापास होतील.

सरळ चढण्यापेक्षा आडव्या उतारावरून जाणं जास्त धोक्याचं. एका बाजूचं चाक दगडावर चढलं आणि दुसऱ्या बाजूचं खड्ड्यात गेलं की गाडी पलटी होते. त्यात आपला जांभा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, तेव्हा फोर व्हील असूनही चारही चाकं एकदमच घसरतात. फोर व्हीलमुळे चढायला मदत होते, उतरताना घसरणं थांबत नाही. उतरताना लो गिअर आणि इंजिनाचा ब्रेक हाच आधार.

माळव्यात किंवा बडोद्याकडे शेती असलेल्या वाचकांना उताराची चिंता कमी. तिथं अडचण काळ्या मातीची. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. अशा रानात दोन पावसांच्या मधल्या दिवसांत कुठलीच गाडी न घालणं बरं.

वजनाचा हिशेब

मधल्या आकाराच्या एटीव्हीच्या पुढच्या रॅकवर ४० किलो आणि मागच्या रॅकवर ८० किलोच्या आसपास भार चालतो. युरियाचं पोतं ४५ किलोचं. म्हणजे पुढे एकही नको आणि मागे एकच. दुसरं ठेवलं की ९० किलो झाले. १०० लिटरची फवारणीची टाकी तर रॅकवर बसतच नाही. पाण्याचेच १०० किलो, वर टाकी आणि पंप. शिवाय टाकी अर्धी रिकामी झाली की आतलं पाणी हेलकावे खातं आणि वळणावर तोल घालवतं.

मग ट्रॉली जोडायची. सपाटीवर ते ठीक आहे. उतारावर मात्र बिनब्रेकची भरलेली ट्रॉली गाडीला मागून ढकलते आणि गाडी आडवी होते. तुमच्या बागेतून काजू बी, नारळ पोत्यांनी बाहेर काढायचे असतील, तर मिनी ट्रॅक्टर किंवा फोर व्हील पिकअप हाच मार्ग.

रस्ता लागला की कायदा लागला

मोटर वाहन कायदा, १९८८ मध्ये गाडीची जी व्याख्या आहे, तिच्यातून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं वगळली आहेत. 'फक्त ऑफ-रोड' म्हणून विकली जाणारी एटीव्ही फार तर याच आधारावर कुंपणाच्या आत चालते. फाटकाबाहेर आली की कलम ३९ प्रमाणे नोंदणी लागते आणि कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा. जिथं लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक धरली जाते, तेव्हा गावची पाणंदही त्यात आली. आपली बाग दोन तुकड्यांत असेल आणि मधून पाणंद जात असेल, तर हा प्रश्न रोजचा आहे.

दंडाची रक्कम भरता येते. पण बिनविम्याच्या गाडीनं कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते आणि त्यात बाग विकायची पाळी येऊ शकते.

काही वर्षांपूर्वी पोलारिस कंपनीनं स्पोर्ट्समन ५७० ही एटीव्ही ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून आणली होती. किंमत ८ लाखांच्या आसपास होती. अशी मंजुरी असलेली गाडी रस्त्यावर चालते. म्हणून विक्रेत्याला एकच सरळ प्रश्न विचारा: 'आरटीओत नोंदणी करून देणार का? लेखी द्या.' उत्तर 'बघू, होऊन जाईल' असं आलं तर पैसे देऊ नका. जुनी गाडी घेताना आरसी बुक आणि चेसिस नंबर जुळवून बघा.

सीमाभागात आणखी एक गोष्ट. कोल्हापुरात नोंदलेला एमएच-०९ चा ट्रॅक्टर खानापूरच्या बागेत कायम ठेवायचा असेल, तर कलम ४७ लागतं. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथली नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते. तेव्हा गाडी जिथं राहणार, तिथंच नोंदवलेली बरी.

बागेची वाट जंगलातून जात असेल, तर वनखात्याला आधी विचारा. भीमगड आणि म्हादई अभयारण्यांच्या हद्दी आपल्या कित्येक गावांना लागून आहेत. तिथं परवानगीशिवाय गाडी घालणं महागात पडेल.

मग घ्यायचं काय?

अरुंद बांध, पायऱ्यांची शेती, सुपारीचं कुळागर: पॉवर टिलर आणि ब्रश कटर. व्हीएसटी आणि केरळची कॅमको ही यातली जुनी नावं. पार्ट मिळतात, गावचा मेस्त्री खोलून जोडतो.

पाच ते वीस एकर, मध्यम उतार, मिश्र कामं: फोर व्हील मिनी ट्रॅक्टर. २१ एचपीचा कुबोटा निओस्टार, २४ एचपीचा महिंद्रा जिवो २४५ हे या वर्गातले. झाडांच्या दोन ओळींमधलं अंतर मोजूनच मॉडेल ठरवा. ट्रॅक्टरही उलटतो, म्हणून मागे कमान आणि बेल्ट असलेलाच घ्या.

वीस एकरांच्या वर, सौम्य उतार, आत कच्चे रस्ते केलेले, रोज देखरेख: इथं एटीव्ही किंवा त्याहून बरी यूटीव्ही शोभते.

दुरुस्तीचंही बघा. बेळगावच्या उद्यमबागेत बुश, शाफ्ट, ब्रॅकेट काहीही बनवून मिळेल. पण बऱ्याच एटीव्हींत गिअरऐवजी रबरी बेल्टवर चालणारी व्यवस्था असते. जड ओढकामात तो तापतो, पाण्यात गेला की घसरतो. तो बेल्ट आणि इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक डबा कंपनीकडूनच येतो. जवळचा सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे ते आधी विचारा.

अनुदान जमिनीच्या राज्यात

कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेतून ट्रॅक्टर, पॉवर टिलर यांसारख्या यंत्रांना अनुदान मिळतं. अर्ज मात्र जमीन ज्या राज्यात आहे तिथंच करायचा. कर्नाटकात फ्रूट्स आयडी आणि आरटीसी उतारा घेऊन रयत संपर्क केंद्रात, महाराष्ट्रात सातबाऱ्यासह महाडीबीटीवर, गोव्यात कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात. मंजुरीच्या आधी यंत्र विकत घेतलं तर अनुदान हातचं जाऊ शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

शेवटी एक साधा हिशेब. ८ लाखांची गाडी दहा वर्षं, वर्षाला १०० तास वापरली, तर नुसत्या किमतीचेच तासाला ८०० रुपये पडतात. इंधन, विमा, दुरुस्ती वेगळी. गावात ट्रॅक्टर तासाला कितीला मिळतो ते विचारा. कर्नाटकात होबळी पातळीवरच्या कृषी यंत्रधारे केंद्रातला दरही बघा. एक हंगाम भाड्यानं काम करून घेतलंत, तर आपल्याला नेमकं काय लागतं ते आपोआप कळेल.

आणि एवढं सगळं बघून एटीव्ही घेतलीच, तर हेल्मेटशिवाय बसू नका, मागे कुणाला बसवू नका, बागेत एकटे असाल तर कुठं जाताय ते घरी सांगून ठेवा. सुट्टीला आलेल्या मुलांच्या हाती चावी देऊ नका. अमेरिकेत मोठ्या एटीव्हीवर १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये अशी सूचना चिकटवलेली असते, ती उगाच नाही.