स्ट्रेस थॅलियम चाचणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्ट्रेस थॅलियम चाचणीत हृदयाच्या स्नायूला रक्त कितपत पोहोचते हे दोनदा पाहिले जाते, एकदा विश्रांतीत आणि एकदा श्रमानंतर. शिरेतून दिलेले किरणोत्सारी औषध रक्ताबरोबर स्नायूत शिरते आणि गॅमा कॅमेरा त्याचे चित्र टिपतो. श्रमानंतर फिका दिसलेला भाग विश्रांतीत भरून आला, तर तिथली धमनी अरुंद असल्याचा संशय बळावतो. दोन्ही वेळा फिकाच राहिला, तर तिथे बहुधा जुन्या झटक्याचा व्रण असतो.

थॅलियम हे विष, ही धास्ती अनेकांना असते. आज बहुतेक केंद्रांत थॅलियमऐवजी टेक्नेशियम-९९एम वापरतात, नाव तेवढे जुने राहिले आहे. थॅलियम दिले तरी त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की विषबाधा संभवत नाही.

मोठी भीती किरणांची. टेक्नेशियमची किरणे दर सहा तासांनी निम्मी होतात. चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो, आणि लघवीवाटे जाते ते वेगळेच. दोन्ही टप्प्यांची मिळून मात्रा साधारण १० मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून चारेक वर्षांत मिळते तेवढी. ती नगण्य नाही, म्हणूनच कारण नसताना, नुसत्या हौसेपोटी ही चाचणी करू नये. घरी परतल्यावर वेगळ्या खोलीत राहण्याची किंवा भांडी वेगळी ठेवण्याची मात्र गरज नसते. पाणी भरपूर प्यावे आणि त्या दिवशी तान्ह्या मुलाला फार वेळ मांडीवर घेऊ नये, एवढे पुरते. गर्भवतीला ही चाचणी सहसा करत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने आधीच सांगावे.

टेक्नेशियमचे हे अल्पायुष्यच चाचणी तालुक्याच्या गावी सहसा न होण्याचे एक कारण आहे. टेक्नेशियम साठवून ठेवता येत नाही. ते मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून लागेल तसे काढतात, आणि मॉलिब्डेनमही ६६ तासांत निम्मे होते, त्यामुळे जनरेटर वरचेवर नवा लागतो. देशात असे जनरेटर नवी मुंबईतील वाशीची ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था पुरवते. केंद्राला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवानाही लागतो. म्हणून राहात्यासारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णाला बहुधा नाशिक किंवा पुणे गाठावे लागते. औषध त्याच्या वेळेला तयार केलेले असते. एसटी चुकली तर ते वाया जाते.

पहाटे निघताना स्टँडवर घेतलेला कपभर चहाही दिवस वाया घालवू शकतो. ट्रेडमिलवर चालता न येणाऱ्याला ॲडेनोसिनसारखे औषध देऊन धमन्या रुंदावतात, आणि चहा-कॉफीतील कॅफीन नेमका हाच परिणाम अडवते. म्हणून बारा ते चोवीस तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. काही डोकेदुखीच्या गोळ्यांतही कॅफीन असते. गुडघे दुखतात म्हणून चाचणी होणारच नाही, हा समज अर्थातच चुकीचा. दमा असेल तर मात्र आधी सांगावे, औषध बदलावे लागते. बीटा-ब्लॉकर गोळ्या बंद करायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतात. स्वतःहून बंद केल्यास छातीत दुखणे उसळू शकते.

ही अँजिओग्राफी नव्हे. अँजिओग्राफी धमनीतला अडथळा दाखवते. इथे त्या अडथळ्याने स्नायूची किती उपासमार होते ते कळते. ७० टक्के ब्लॉकेज ऐकून घाबरलेल्या रुग्णाला हा फरक समजावून सांगायलाच हवा. इथे आयोडीनयुक्त डायही नसतो, त्यामुळे डायने किडनी बिघडण्याची भीती इथे लागू पडत नाही.

नॉर्मल अहवाल म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे. पुढच्या वर्षभरात झटक्याचा किंवा हृदयविकाराने मृत्यूचा धोका साधारण एक टक्क्याहून कमी असतो, इतकाच त्याचा अर्थ. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर हा दिलासा आणखी तोकडा. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील तर चित्र एकसारखे दिसून आजार निसटूही शकतो, म्हणून डॉक्टर ईसीजी, रक्तदाब आणि लक्षणे जोडूनच निष्कर्ष काढतात. छातीत कळ सुरू असताना, घाम फुटलेला असताना या चाचणीची तारीख घेत बसू नये. तेव्हा लगेच १०८ ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे.