मिठाची खिडकी

ट्रंक उघडली ती विहिरीच्या कागदासाठी. धाकट्या भावाला विहिरीवर नवी मोटर बसवायची होती, आणि पाण्याची पाळी कुणाची किती दिवस, हे १९७९ सालच्या वाटणीपत्रात लिहिलेलं. आम्ही निपाणीचे. वखार विकून वीस वर्षं झाली, तरी आमची ट्रंक उघडली की आधी तंबाखूचा खाट नाकात जातो, एक शिंक येते, आणि मग आतलं काही दिसतं. आजीच्या शालूच्या घडीखालून कागद निघाला. वर सरकारी मुद्रा आणि कन्नड अक्षरं, खाली मराठीत वाटणी, साक्षीदारांच्या सह्या, कोपऱ्यात एक निळा अंगठा, आणि मधोमध जुन्या रुपयाएवढा तेलकट डाग. उजेडात धरला की त्या डागातून पलीकडची खिडकी दिसत होती.

धाकट्या नातवानं कागद बल्बसमोर धरला, डोळा बारीक केला आणि विचारलं, "आबा, हा स्टॅम्पपेपर खरा कशावरनं?"

त्याचा दोष नाही. मोबाइलवर 'स्कॅम २००३' ही मालिका बघून झाली होती. "तेलगी आपल्याच जिल्ह्यातला की! खानापूरचा!" तेलगी रणजी संघात निवडला गेल्यासारखा त्याचा सूर होता.

खानापूरचाच, होय. अब्दुल करीम तेलगी, जन्म १९६१ चा. वडील रेल्वेत होते, ते लवकर गेले. पोरगा स्टेशनात गाड्यांमधून फळं विकायचा. पुढे मुंबईत मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला, आणि खऱ्या कागदांच्या आडून खोटे विकायला लागला. गिऱ्हाइकं साधीसुधी नव्हेत, बँका आणि विमा कंपन्या. २००१ साली अजमेरला पकडला गेला आणि २०१७ साली कैदेत असतानाच बेंगळुरूच्या इस्पितळात वारला. गोष्टीतला खरा पेच वेगळाच आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसनं मोडीत काढलेली छपाईची यंत्रं त्यानं मिळवली होती.

थोरली नात बेळगावात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिनं नेमकं पकडलं. "मशीन तेच, ठसा तोच. मग खरं-खोटं ओळखायचं कशानं?"

"यंत्र नाशिकचं मिळेल गं," मी म्हटलं. "कागदाचा लगदा, त्यातली पांढरी भुकटी, शाईतलं तेल, तिकिटामागचा डिंक, हे सगळंच्या सगळं तेच कुठून आणशील? बसा दोघं. गोष्ट लांबची आहे, आणि एका बाजेवाल्यापासून सुरू होते."

विल्यम हर्शेल इंग्लंडात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि रात्री आभाळ बघायचा. १७८१ मध्ये त्याला युरेनस सापडला. सूर्य बघताना तो दुर्बिणीला रंगीत काचा लावी. त्याच्या ध्यानात आलं, की काही काचांतून उजेड कमी येतो पण डोळा भाजतो, आणि काहींतून उजेड भरपूर तरी ऊब नाही. सन १८०० मध्ये त्यानं लोलकातून ऊन पाडून टेबलावर सात रंगांचा पट्टा उमटवला आणि एकेका रंगात तापमापी ठेवली. एक तापमापी त्यानं तांबड्याच्याही पलीकडे ठेवली, जिथे डोळ्याला काळोखच होता. पारा तिथेच सगळ्यांत वर चढला. तांबड्यापाशी थांबले ते आपले डोळे. प्रकाश पुढे चालतच राहिला होता.

"त्याला म्हणतात अवरक्त."

"रक्त?" नातवाचे कान टवकारले. खून निघतो की काय, असं त्याला वाटलं.

"रक्त म्हणजे इथे तांबडा. तांबड्याच्या खालचा तो अवरक्त. आपल्याला दिसत नाही, पण जांबोटीच्या रानातल्या चापड्याला कळतो." हा हिरवा विषारी साप पावसाळ्यात बांबूला वेटोळं घालून बसतो. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध त्याला दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. उंदीर अंधारातून गेला, की त्याच्या अंगाची ऊब त्या खळग्यातल्या पातळ पडद्यावर पडते आणि सापाला उंदीर कळतो. तुमचंआमचं अंगसुद्धा रात्रंदिवस असं मंद तेवत असतं.

सापाला ऊब कळते, पण ती कुठल्या वस्तूतून आली हे तो सांगत नाही. ते सांगायला झोपाळा लागतो.

नागपंचमीला आंब्याला बांधलेला झोपाळा आठवा. लांब दोराचा संथ जातो, आखूड दोराचा भराभर. त्याच्या तालात झोका दिलात तर चढत जातो. भलत्या वेळी ढकललंत तर तुमच्याच हाताला हिसका. कुठलाही पदार्थ म्हणजे अशा कोट्यवधी झोपाळ्यांची जत्रा. अणू-अणूंना जोडणारा बंध स्प्रिंगसारखा ताणतो, आवळतो, वाकतो. हलका अणू भराभर झुलतो, जड अणू सावकाश. बंध घट्ट असेल तर वेग आणखी वाढतो. कार्बनला लटकलेला हायड्रोजन एका सेकंदात सुमारे ८७ लाख कोटी वेळा झुलतो. अवरक्त प्रकाशात नाना तालांच्या लाटा असतात. जिचा ताल ज्या झोपाळ्याशी जुळेल, ती लाट तो झोपाळा पिऊन टाकतो, बाकीच्या आरपार जातात. पलीकडे बसलेलं यंत्र कुठल्या लाटा पोचल्या नाहीत ते टिपतं आणि कागदावर रेघ ओढतं. लाट गेली तिथे रेघेत खड्डा.

खड्ड्याचा पत्ता सांगायची रीत अशी, की एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा बसतात ते मोजायचं. साधारण ४००० ते ४०० एवढा पट्टा बघतात. कापसाच्या धोतराचे खड्डे ३३०० च्या आसपास आणि १००० ते ११०० मध्ये. टेरिकॉटमधला पॉलिएस्टर १७१५ जवळ दणकून बुडतो. लोकरीचा म्हणून विकलेला ॲक्रिलिकचा स्वेटर २२४० ला आपली जात सांगतो. अस्सल लोकरीत ती खूण नसतेच. पंधराशेच्या खाली मात्र सगळे झोपाळे एकमेकांच्या दोराला दोर लागल्यासारखे झुलतात. कुणाचं काय ते वेगळं काढता येत नाही, पण सगळ्यांचा मिळून जो गोंधळ होतो तो ज्या त्या पदार्थाचा स्वतःचा. त्या भागाला नावच अंगुलिमुद्रेचा भाग असं आहे. आमच्या आईला बेंदराच्या संध्याकाळी घुंगरमाळ ऐकूनच कळायचं, की पाटलांची बैलं परतली की आपली. मला ते कधी जमलं नाही, यंत्राला जमतं.

आता त्या स्टॅम्पपेपरकडे या. कागद म्हणजे सेल्युलोज, तो खऱ्यातही आणि खोट्यातही. पण कागद गुळगुळीत आणि पांढरा व्हावा म्हणून लगद्यात भुकटी घालतात. कुणी खडूची घालतं, तिचा खड्डा ८७५ ला, टोकदार. कुणी चिनी माती घालतं, तिचे ३६२० आणि ३६९० ला. तिकिटामागे बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक असेल तर एक रेघ, कारखान्यातला पांढरा गोंद असेल तर १७३५ आणि १२४० ला दुसरीच. तेलगीच्या खटल्यात प्रत्येक कागदावर काय काय तपासणी झाली त्याची यादी मी सांगत नाही. ठसा जुळतो म्हणून कागद सुटत नाही, एवढंच पोरांना दाखवायचं होतं.

"तुम्ही केलंय का हे, आबा?"

केलंय, आणि बिघडवलंयही. १९७५-७६ ला कोल्हापुरात एम.एस्सी. करत होतो. काचेतून आपल्याला आरपार दिसतं, पण अवरक्ताच्या या पट्ट्यातल्या बऱ्याच भागाला काच म्हणजे भिंत. म्हणून त्या यंत्राच्या खिडक्या मिठाच्या. होय, आजीच्या बरणीतलंच मीठ, सोडियम क्लोराइड. फक्त त्याचा मोठा स्वच्छ स्फटिक घडवून, तासून, घासून चकती केलेली. मिठात या पट्ट्यातल्या बहुतेक तालांचा झोपाळाच नाही, त्यामुळे अवरक्त त्यातून पाण्यासारखा निघून जातो. नमुना घन असेल तर त्यातला मिलिग्रॅमभर अगेटच्या खलात दोनशे मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर पिठीसाखरेसारखा बारीक घोटायचा, आणि दाबयंत्रात काही टनांचा दाब देऊन त्याची टिकली पाडायची. टिकली साधली तर भिंगासारखी नितळ, नाही साधली तर पापडासारखी तडकलेली.

जुलै महिना, कोल्हापूरचा पाऊस. मी दोन मिठाच्या चकत्या डब्याबाहेर विसरून जेवायला गेलो. परतलो तर दोन्ही मोतीबिंदू झाल्यासारख्या. हवेतली ओल पिऊन पृष्ठभाग पांढरा पडला होता. सरांनी काही न बोलता घासायची पावडर पुढ्यात ठेवली. पुढचे तीन दिवस मी खिडक्या घासत होतो.

त्या यंत्राचा पेन सरकत सरकत एक आलेख काढायला चहा पिऊन यावं एवढा वेळ घ्यायचा. आता हलत्या आरशाचं यंत्र सगळे ताल एकदम ऐकतं, संगणक ते काही सेकंदांत वेगळे करतो. नमुना कुटावा लागत नाही. इवल्या हिऱ्यावर कागदाचा कोपरा दाबला की झालं. पण रिवाज जुनाच. आधी काही न ठेवता रिकामा आलेख घ्यायचा, कारण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइडही लाटा पितात. यंत्राजवळ जोरात श्वास सोडलात तर २३५० जवळ तुमच्या श्वासाचा खड्डा उमटतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन मात्र गप्प असतात. दोन्हीकडे सारखाच अणू, त्यामुळे या लाटेला धरायला टोक सापडत नाही.

नातवाला एव्हाना खून हवा होता. म्हटलं, खून नाही, अपघात घे. समज, तवंदीच्या घाटात रात्री एखाद्या सायकलवाल्याला उडवून गाडी पसार झाली. पंचनाम्यात हाती लागला तो सायकलच्या मडगार्डला चिकटलेला तिळाएवढा रंगाचा पोपडा. त्याच्या कडेला सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर खाली प्रायमर, मग रंग, वर चमक देणारा थर. कधी मालकानं गॅरेजमध्ये मारलेला जास्तीचा हातही दिसतो. प्रत्येक थराचा आलेख निराळा. कॅनडाच्या पोलिसांनी गाड्यांच्या अशा रंगांचा मोठा संग्रहच करून ठेवलाय. पोपड्यावरून गाडी कुठल्या कंपनीची, कुठल्या सुमाराची असेल याचा माग काढतात. अपघात कोगनोळी नाक्याच्या अलीकडे झाला तर मुद्देमाल बेळगावच्या प्रयोगशाळेकडे, दूधगंगेपलीकडे कागल हद्दीत झाला तर कोल्हापूरकडे. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण पॉलिएस्टरचा खड्डा दोन्हीकडे १७१५ लाच पडतो.

प्रयोगशाळेचा निकाल येतो तो कागदावर; तिकडे महाराष्ट्राच्या हद्दीत 'सी.ए.चा रिपोर्ट', म्हणजे केमिकल ॲनालायझरचा अहवाल, म्हणतात तो हाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेनं तर सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा असं सांगितलंय.

"तेलगीला तर इंजेक्शन देऊन बोलतं केलं होतं," नातू म्हणाला. मालिका त्यानं नीट पाहिली होती.

होय, बेंगळुरूत त्याची नार्को चाचणी झाली, आणि त्याची चित्रफीत घरोघरी टीव्हीवर दिसली. लोक चहा पीत बघत होते. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. गुंगीतला माणूस खरं बोलतो की समोरच्याला हवं ते बरळतो, कुणी सांगावं? २०१० च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं, की माणसाच्या संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर नाही. गप्प बसायचा हक्क माणसाला आहे. रंगाच्या पोपड्याला तो नाही, आणि त्याला गुंगीही द्यावी लागत नाही.

पण पोपड्याचं बोलणंही किती ताणायचं हे कळलं पाहिजे. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या शेकडो गाड्यांचा रंग एकच असतो. आलेख जुळला म्हणजे 'हा रंग त्या जातीचा'; 'हीच ती गाडी' असं म्हणायला आणखी पुरावा लागतो. न जुळला, तर मात्र ठामपणे म्हणता येतं, की ही गाडी नव्हे. निरपराध माणूस सुटतो तो बऱ्याचदा या दुसऱ्या वाक्यावर. मिश्रणात एखादी गोष्ट शेकड्यात एखाद-दुसरा भागच असेल, तर ती बाकीच्यांच्या गलक्यात बुडून जाते. पाणी म्हणजे लाउडस्पीकर, ओला नमुना सगळ्यांवर कुरघोडी करतो. बंदुकीच्या गोळीतलं शिसं, तांब्याची तार, अशा धातूंबद्दल हे यंत्र मुकं. आणि मीठ चोरणाऱ्याला तर त्याचं काहीच भय नाही.

थोरलीनं कागद परत हातात घेतला होता. "मग हा डाग कसला ते सांगेल?"

"१७४५ जवळ खणखणीत खड्डा पडेल. म्हणजे तेल नाहीतर तूप. रॉकेल असतं तर तो पडला नसता. डालडा असेल तर ९६६ च्या आसपास आणखी एक ठळक खूण. पण शेंगदाण्याचं तेल की करडईचं, गाईचं तूप की म्हशीचं, हे नुसत्या नजरेनं नाही कळत. बरीच आकडेमोड लागते. त्यात हा पंचेचाळीस वर्षांहून जुना डाग, हवा लागून खवट झालेला..."

"तूप आहे ते," आजी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. पदराला हात पुसत ती कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नव्हतं. "वाटणीच्या दिवशी मामंजींनी पुरणपोळी करायला लावली होती. म्हणाले, वेगळं व्हायचं तर जेवून व्हा, उपाशी नको. मी नवी नवरी, पोळ्या मीच लाटल्या. भावजींनी पानावरनंच हात पुढे करून कागद ओढला."

"तूप गाईचं की म्हशीचं?" नातवानं मला डोळा मारत विचारलं.

"म्हशीचं," आजी म्हणाली. "गाय त्या साली आटली होती."