संयुक्त प्रायमरी की आणि ‘नल’ मूल्य : जमिनीच्या उताऱ्याचे उदाहरण

रिलेशनल डेटाबेसमध्ये दोन-तीन रकाने मिळून प्रायमरी की होत असेल, तर त्यांपैकी एखादा रिकामा का ठेवता येत नाही, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. बेळगाव-निपाणी भागातील विद्यार्थ्यांना तो जमिनीच्या उताऱ्यावरून सहज समजावता येतो.

कर्नाटकात पहाणी किंवा आरटीसी म्हटला जाणारा हा उतारा २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रणालीत संगणकावर आला. गावातील जमीन सर्व्हे नंबर, सरनोक आणि हिस्सा नंबर या तिघांवरून ओळखली जाते. परंतु प्रत्येक सर्व्हे नंबराचे हिस्से पडलेले नसतात. तेथे काय लिहावे?

समजा, ‘नल’ ठेवले. नल म्हणजे शून्य नव्हे. मूल्य ठाऊक नाही की मुळातच नाही, हे नल सांगत नाही. म्हणून एसक्यूएलमध्ये नलची नलशी तुलना केल्यास उत्तर ‘अज्ञात’ येते. परिणामी ‘सर्व्हे ४५, हिस्सा नल’ अशा दोन नोंदी एकाच शेताच्या की वेगळ्या, हे ठरत नाही. एका शेताचे दोन उतारे दोन नावांनी निघाले, तर भाऊबंदकीचा वाद कोर्टात जाणार. यासाठीच संयुक्त कीच्या कोणत्याही घटकात नल नसावे, असा नियम ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात रूढ झाला.

युनिक बंधन मात्र नल चालवून घेते आणि येथे प्रणालींमध्ये मतभेद आहेत. वरील दोन्ही नोंदी पोस्टग्रेएसक्यूएल सहसा स्वीकारते. एसक्यूएल सर्व्हर व ओरॅकल दुसरी नाकारतात. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १५ व्या आवृत्तीत, २०२२ मध्ये, नल समान मानण्याचा पर्याय आला. एसक्यूलाइट तर जुन्या चुकीमुळे बहुतेक टेबलांत प्रायमरी कीमध्येही नल घेते.

‘भूमी’त सरनोक वा हिस्सा नसेल तेथे ‘*’ हे चिन्ह येते. ते ठरावीक मूल्य असल्याने त्याची तुलना होते आणि दुबार नोंद पकडता येते. मात्र हे चिन्ह ‘हिस्सा नाही’ यासाठीच वापरावे. ‘हिस्सा माहीत नाही’ यासाठी वापरल्यास खोटी माहिती खरी ठरते. अशा वेळी स्वतंत्र अनुक्रमांक की म्हणून घेता येतो, पण दुबार नोंदींची तपासणी वेगळी करावी लागते.

टेबल आखण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून प्रत्येक रिकाम्या जागेचा अर्थ लिहून घ्यावा : ‘नाही’ की ‘माहीत नाही’? हे उत्तर संगणक देऊ शकत नाही. ते आखणाऱ्यानेच द्यायचे असते.