हिरव्या शिरा, पिवळं पान

बारामतीहून काटेवाडीमार्गे इंदापूरकडे निघालं की दोन्ही अंगांना ऊस आणि मधूनमधून द्राक्ष, डाळिंब, पेरूच्या बागा लागतात. एखाद्या बागेत शेंड्याची कोवळी पानं पिवळीधमक झालेली असतात, शिरा तेवढ्या हिरव्यागार. असं दिसलं की हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. तो चुकतो.

नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या फुटीला देतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. पालाशचंही तसंच, जून पानांच्या कडा करपतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. टंचाई झाली की झळ बसते ती नव्या पालवीला.

गंमत म्हणजे इथली काळी जमीन बेसॉल्टची, लोहानं भरलेली. अडचण चुनखडीची आहे, ती सामू वाढवते. सामू एका अंकानं वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीनं घटते. आठाच्या पुढे मुळांच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. त्यात बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट आणि वाफसा येऊच न देणारं पाणी. झाड पिवळं पडलं म्हणून पाणी वाढवणारा दुखणं वाढवतो.

खात्री करायची युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये यूजेन ग्रिस यांनी 1840 च्या दशकात पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं द्रावण लावून ती हिरवी होतात हे दाखवलं. आपल्याकडे त्यासाठी हिराकस पुरतो: लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. संध्याकाळी कुंचल्यानं एका पानाचा अर्धा भाग रंगवायचा. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर रोग लोहाचाच. खतांच्या दुकानात सल्ला घेण्याआधी हे करून पाहायला काय हरकत आहे?

फवारणीनं पानं सुधारतात, पण पुढची फूट पुन्हा पिवळी येते. जमिनीतून लोह द्यायचं तर चिलेटचं नाव वाचून घ्यावं: चुनखडीत ईडीटीए टिकत नाही, लालसर ईडीडीएचए टिकतं, पण महाग असतं. सोबत शेणखत हवंच. स्फुरदाचा मारा थांबवावा, कारण तो लोह आणि जस्त दोन्ही अडवतो.

द्राक्षात पान पिवळं पडेपर्यंत थांबायची गरज नसते. एप्रिल छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी, घडनिर्मितीच्या काळात, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचे देठ काढून प्रयोगशाळेत पाठवतात.