पद्मिनी आणि अँबेसेडर : इंजिनाचे आकडे, रस्त्याचा कौल

गोंदियाहून बालाघाटकडे निघाले की बाघ नदीच्या पुलाशी महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेशातले राजेगाव लागते. अशा सीमेवरच्या रस्त्यासाठी गाडी निवडायची तर अँबेसेडर घ्यावी की फियाट, यावर आपल्याकडे दोन पिढ्या वाद घालत आल्या. तो वाद आवडीनिवडीवर न सोडता आकड्यांवर तपासला पाहिजे.

अँबेसेडर मूळची ब्रिटिश. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने ती 1957 पासून बंगालमधल्या उत्तरपाड्यात बांधली. पद्मिनीचे माहेर इटलीत, पण ती घडली मुंबईत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभारली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डी बाहेर पडू लागली. याच गाडीला 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले.

अँबेसेडरचे पेट्रोल इंजिन 1489 सीसीचे, शक्ती सुमारे 50 अश्वशक्ती. पद्मिनीचे 1089 सीसीचे, शक्ती सुमारे 40. पहिल्या नजरेत अँबेसेडर सरस वाटते. पण पद्मिनीचे वजन जेमतेम 900 किलो, तर अँबेसेडरचे अकराशेच्या पुढे. दर टनामागे हिशेब मांडला तर दोघींच्या शक्तीत फारसा फरक उरत नाही. मोठ्या इंजिनाची बरीच ताकद मोठा सांगाडा ओढण्यातच खर्च होते.

खरा फरक इंजिनाच्या घडणीत आहे. अँबेसेडरच्या सिलिंडरचा व्यास 73 मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला जवळपास 89. पद्मिनीत हेच आकडे 68 आणि 75. लांब पल्ल्याचे इंजिन कमी फेऱ्यांतही जोर धरते. गाडीत माणसे दाटून बसली असोत की टपावर सामान असो, अँबेसेडर वरच्या गिअरमध्येही दम टिकवते. पद्मिनीला मात्र इंजिन जरा फिरते ठेवावे लागते. दोघींना चारच गिअर, आणि त्यांचा दांडा बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगलाच.

दोघींच्याही मागच्या आसाला पाटेच आहेत. पुढे अँबेसेडरला टॉर्शन बार, तर पद्मिनीला कॉइल स्प्रिंग. अँबेसेडरची चाके 15 इंची, पद्मिनीची 14 इंची. मोठे चाक खड्डा सहज ओलांडते, आणि अँबेसेडरचा 2464 मिलिमीटरचा चाकांमधला पल्ला मागे बसणाऱ्यांना ऐसपैस जागा देतो. पद्मिनी सुमारे 40 सेंटीमीटरने आखूड आणि 20 सेंटीमीटरने अरुंद, म्हणून गल्लीत वळायला आणि गर्दीतून काढायला ती सोपी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी तिलाच पसंती दिली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. अँबेसेडरचे उत्पादन त्याआधीच, 2014 मध्ये, थांबले होते.

माझा निवाडा असा : शहरासाठी पद्मिनी, आणि राजेगावसारख्या गावाच्या लांब, खडबडीत, ओझ्याच्या रस्त्यासाठी अँबेसेडर.

आता एक कळकळीची विनंती. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण सांगाडा आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. तुमच्या गोठ्यात, पडवीत अशी गाडी उभी असेल तर डिझेल इंजिन बसवण्याच्या मोहात मूळचे इंजिन भंगारात देऊ नका.