सौर प्रकाश सापळ्याची बॅटरी चार्ज होत नसल्यास

वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतर हुमणीचे भुंगेरे सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात. अंडी घालण्यापूर्वी ते पकडायचे असल्यास त्याच रात्री सापळ्याचा दिवा लागणे आवश्यक असते. बॅटरी चार्ज होत नसल्यास पॅनेल बदलण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम पॅनेलवरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा पुसावी. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीजनिर्मिती लक्षणीय घटते. नंतर भर उन्हात पॅनेलच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. १२ व्होल्टच्या संचात ते साधारणतः १८ ते २२ व्होल्ट आढळल्यास दोष बहुधा पॅनेलमध्ये नसतो. अशा वेळी फ्यूज, सैल जोड, गंजलेली टर्मिनल व चार्ज कंट्रोलर तपासावेत.

लेड-ॲसिड बॅटरीचे व्होल्टेज फार खाली, १०.५ व्होल्टच्याही खाली, गेले असल्यास काही कंट्रोलर चार्जिंग सुरूच करीत नाहीत. अशी बॅटरी योग्य चार्जरवर स्वतंत्रपणे चार्ज करून पाहावी. तरीही व्होल्टेज टिकत नसल्यास ती बदलावी. फेरजोडणी करताना कंट्रोलरला आधी बॅटरी व नंतर पॅनेल जोडावे.

ही तपासणी वळवाच्या पावसापूर्वीच पूर्ण करावी.